‘फुकट’ या शब्दाचं भाषांतर

पवनचक्की म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पाती येतात. आमच्या घरात पात्यांचं कुणी नावही काढत नसे. माझा नवरा टॉवर बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डिंगच्या लाइनवर सुपरवायझर होता, आणि त्याच्या लेखी पवनचक्की म्हणजे खालचा तो पोलादी खांब. वरचं सगळं दुसऱ्या कुणाचं तरी काम.

लग्नानंतर वर्षभरानं कामगारांच्या घरच्यांना कारखाना बघायला बोलावलं होतं, तेव्हा मी पहिल्यांदा आत गेले. जाड पोलादी प्लेट मशीनमधून वाकत वाकत येते, तिचं कडं होतं, कड्याला कडं जोडत गेलं की बोगद्याएवढा तुकडा तयार होतो. त्याला तिथं सेक्शन म्हणतात. असे चार-पाच सेक्शन एकावर एक उभे केले की टॉवर. मी साडी सावरत एका सेक्शनमध्ये उभी राहिले आणि हात वर केला, तरी तो छताला पोचेना. नवऱ्यानं मला आतल्या जोडावरून बोट फिरवायला लावलं.

“काय लागतंय?”

“काही नाही.”

“मग झालं तर,” तो म्हणाला. त्याची फुशारकी एवढीच.

आमचं घर काटेवाडीला. थोडा ऊस आणि बाकी टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची अशी शेती सासूबाई आणि दीर बघतात. मी एसटीनं इंदापूरला जाते, तिथल्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. नवऱ्याचा कारखाना याच रस्त्यावर, माझ्या वाटेत. संध्याकाळी परतताना कधी कधी एसटी तिथं थांबून राहायची, कारण लांबलचक ट्रेलरवर सेक्शन चढवून तो गेटातून बाहेर काढत असत. तेवढ्या वेळात उसाच्या ट्रॅक्टरांची मागे रांग लागायची. ड्रायव्हर वैतागायचे. मला मात्र बरं वाटायचं. तो माल बंदरावर जाणार आणि तिथून जहाजानं अमेरिकेला, हे मी शेजारच्या बाईला तिनं न विचारताच सांगायची.

मग एका वर्षी एप्रिलच्या शेवटाला नवरा घरी आला तो काळजीत. जेवला. हात धुऊन आल्यावर म्हणाला, “तिकडनं चौकशी लागलीय.”

अमेरिकेतल्या टॉवर बनवणाऱ्यांनी त्यांच्या सरकारकडे तक्रार केली होती. भारतातले टॉवर वाजवीपेक्षा कमी किमतीत येऊन पडतात, शिवाय तिथलं सरकार कारखान्यांना आतून मदत करतं, त्यामुळे आमचे कारखाने बसायची वेळ आली, असं त्यांचं म्हणणं. तक्रार खरी ठरली तर आपल्या टॉवरांवर त्यांच्या बंदरात जादा कर बसणार होता. तो कर भरायचा घेणाऱ्यानं. पण कर जबर असला तर घेणारा आपल्याकडे कशाला येईल? ठरण्याआधी कारखान्याला शेकडो प्रश्नांची उत्तरं लिहून द्यायची होती. पोलाद कुणाकडून घेता, वीज कुणाची, जमीन कशी मिळाली, सरकारकडून काय काय मिळतं. आणि नंतर त्यांचे अधिकारी स्वतः येऊन उत्तरं कागदांशी ताडून बघणार होते.

यात मी कशी आले, तर कारखान्याचं स्टोअरचं रजिस्टर मराठीत होतं. कॉम्प्युटरवर सगळं इंग्रजीत असायचं, पण गाडी आली की यार्डात उभ्या उभ्या पहिली नोंद व्हायची ती हातानं, जाड पुठ्ठ्याच्या वहीत. ती नोंद ठेवणारे स्टोअरकीपर लोणी भापकरचे, निवृत्तीला आलेले. सगळे त्यांना तात्या म्हणत. चौकशीवाल्यांनी मूळ नोंदी मागितल्या आणि इंग्रजी भाषांतर जोडायला सांगितलं. भाषांतर करणाऱ्यानं ते बरोबर असल्याची सही द्यायची. मॅनेजरनी माझ्या नवऱ्याला विचारलं, “तुझी मिसेस इंग्रजीची ना?”

मे महिन्याची सुट्टी होती. रोज सकाळी मी कारखान्याच्या ऑफिसात जाऊन बसायची. पाच वह्या होत्या. तारीख, गाडीचा नंबर, प्लेटचा नंबर, जाडी आणि शेवटी शेरा. तात्यांचं अक्षर मोठं आणि ठसठशीत, पण शेरे तुटक. ‘उशिरा आली.’ ‘पावसात भिजली, पुसून ठेवली.’ ‘कोपरा वाकडा.’ ‘ड्रायव्हर भांडला.’ ड्रायव्हर भांडल्याचं अमेरिकेच्या सरकारला इंग्रजीत कळवताना मला हसू आलं होतं. तिसऱ्या वहीत एका प्लेटीपुढे नुसतंच लिहिलं होतं, ‘फुकट.’ पुढे आणखी दोन ठिकाणी तेच. चौथ्या वहीत पुन्हा एकदा.

मी पेन थांबवून क्षणभर विचार केला होता, हे मला नीट आठवतं. वाटलं, जास्तीचा माल दिला असेल, योजना असेल काही. तात्या त्या दिवशी सुट्टीवर होते. मी चारही ठिकाणी ‘फ्री ऑफ कॉस्ट’ लिहिलं आणि पुढे गेले. शेवटच्या पानावर सही केली. पानं दिल्लीच्या वकिलांकडे गेली, तिथून अमेरिकेला. मॅनेजरनी चहा पाजला, आभार मानले. जूनमध्ये कॉलेज सुरू झालं आणि मी तो विषय विसरले.

सप्टेंबरात अधिकारी यायचं ठरलं. सोमवारी सकाळी ते कारखान्यात पोचणार होते. आदल्या शनिवारी मी दुपारी कॉलेजातून आले तर सासूबाई अंगणात टोमॅटोच्या रोपांच्या ट्रेपाशी बसल्या होत्या. रोपांना मर लागली होती. सडलेली रोपं उपटून त्या बाजूला टाकत होत्या.

“किती गेली?” मी विचारलं.

“तीन ट्रे फुकट,” त्या म्हणाल्या. “पार फुकट. आता नवी आणायची.”

मी खांद्यावरची पर्स काढत होते. तशीच उभी राहिले. आधी नेमकं काय खुपतंय ते कळेना, आणि मग कळलं. फुकट म्हणजे वाया! लहानपणापासून ऐकत आलेला शब्द. दिवस फुकट गेला, मेहनत फुकट गेली. आमच्याकडे विनामोल मिळालेल्या वस्तूपेक्षा वाया गेलेल्या वस्तूलाच हा शब्द जास्त लागतो. आणि मी, रोज पोरांना सांगणारी की शब्द वाक्यात बघा, सुटा बघू नका, मीच तो सुटा उचलला होता.

नुसती भाषेची चूक असती तर लाज वाटून विषय संपला असता. पण त्या प्लेटा ज्या पोलाद कारखान्यातून आल्या होत्या तो सरकारी मालकीचा होता, हे मला ठाऊक होतं. आमच्या कारखान्यानं उत्तरात लिहून दिलं होतं की आम्ही पोलाद बाजारभावानं घेतो. आणि माझ्या सहीचं पान सांगत होतं की सरकारी कारखान्यानं चार प्लेटा फुकट दिल्या. आमच्यावर आरोपच हा होता की सरकार आतून मदत करतं. आणि पुरावा मी माझ्या हातानं लिहून पाठवला होता.

नवरा सहाला आला. मी त्याला गोठ्यामागे नेलं आणि सांगितलं. त्याला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तो दगडावर बसला.

“कुणाला बोललीस?”

“नाही.”

“मग गप बस. हजारभर पानं हायेत. चार शब्द कोण बघतंय?”

“त्यांचं कामच बघायचं आहे.”

“अगं, आता सांगितलंस तर म्हणत्याल, परवा सायेब येणार आणि आज ह्यांनी कागद फिरवला. त्यात तू माझी बायकू. उलट जास्तच वास येईल त्यास्नी.”

त्याचं चुकत नव्हतं. माझ्याही मनात तेच होतं. त्याच्या लाइनवर चाळीसेक वेल्डर होते, बहुतेक आसपासच्या गावांतले, काही वालचंदनगरला शिकाऊ म्हणून काम करून आलेले. त्यातल्या कितीतरी जणांच्या घरी आमचं जाणं-येणं. कर बसला आणि तो माझ्या शब्दामुळे बसला असं झालं तर त्या घरांत मी कुठल्या तोंडानं जाणार होते? आणि न सांगता गप्प बसले, आणि अधिकाऱ्यांनी तो शब्द शोधला तर? रात्रभर हे असंच फिरत राहिलं. सकाळी एवढंच ठरलं की आधी तात्यांना विचारायचं. कदाचित मी मेमध्ये बरोबर होते आणि आता उगाच घाबरतेय.

रविवारी तात्या गावी असायचे. मी स्कूटी काढली. नवऱ्याला सांगितलं नाही, त्यानं विचारलंही नाही. बारामती मागे पडली, कॅनॉलचं हिरवं संपलं आणि लोणी भापकरकडचा माळ सुरू झाला. तात्या घरापुढे खाटेवर बसून शेंगा फोडत होते. मला बघून चपापले.

“बाई, तुमी? काय झालं? साहेब बरं हायेत न्हवं?”

“सगळे बरे आहेत, तात्या. एक शब्द विचारायला आले.”

मोबाइलमध्ये पानांचे फोटो होते. मी दाखवले. त्यांनी चष्मा लावला, फोटो लांब धरला.

“फुकट म्हंजी फुकट,” ते म्हणाले. “बाद. आतनं पापुद्रं सुटलेलं. प्लेट कापली की पुस्तकासारखी उकलती. त्याचा टॉवर केला तर कुणाच्या डोक्यावर पडंल.”

“चारही?”

ते चौथ्या फोटोशी थांबले. ओठ हलवत नंबर वाचला. मला ते हलणारे ओठ बघवत नव्हते.

“ही न्हाय. ही फुकट आली.”

“म्हणजे?”

“त्या तिनांतली एक पोलादवाल्यांनी कबूल केली. आमचीच चूक म्हणून बदली प्लेट धाडली. तिचं काय घेतलं न्हाय. म्हणून फुकट.”

“तात्या, वाया गेली तरी फुकट आणि बदली आली तरी फुकट?”

“आता मला काय ठावं, माझी वही अमेरिका वाचणार हाय!” ते रागावले होते. मग चष्मा काढून म्हणाले, “बाई, मी कदी एक खिळा घरी न्हेला न्हाय. माझ्या वहीवरनं काय लोचा हुतोय का?”

मी त्यांना म्हटलं, तुमच्या वहीवरून नाही, माझ्यावरून. त्यांच्या घरच्यांनी चहा केला. तो पिताना मी मनात जुळवत होते की हे कुणालाही कसं पटवून सांगायचं. एकच शब्द, तीनदा एका अर्थानं, एकदा दुसऱ्या. चारही प्लेटा वाया गेलेल्या असत्या तर सोपं होतं. आता मी बदल मागितला तर एक ठिकाणी ‘फ्री’ तसंच राहणार होतं, आणि बघणाऱ्याला वाटणार होतं की सोयीचे तेवढे बदलले.

घरी आले तर नवरा पंपाजवळ होता. मी सगळं सांगितलं. तो बराच वेळ पायानं माती सारत राहिला. मग म्हणाला, “मॅनेजरसायबास्नी आत्ताच फोन कर. उद्या अमेरिकेवाल्यांच्या म्होरं त्यास्नी पयल्यांदा कळायला नको. माझं नाव मधी आलं तर येऊ दे.”

मी मॅनेजरना फोन लावून सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, “मॅडम, तुम्हाला कल्पना आहे का हे काय आहे?” मी हो म्हटलं. अर्ध्या तासानं त्यांचा पुन्हा फोन आला, सोबत दिल्लीचे वकील होते. वकील शांत होते. ते म्हणाले, पहिल्या दिवशी काम सुरू व्हायच्या आधी छोट्या चुकांची दुरुस्ती आपण होऊन देता येते. पण ती छोटी आहे की नाही हे अधिकारी ठरवतील. आणि ज्यांनी भाषांतर केलं त्यांनी समोर बसायला हवं.

मी सोमवारची रजा टाकली.

दोन अधिकारी होते. एक पन्नाशीच्या पुढच्या बाई, पांढरे केस कापलेले, आणि एक तरुण, जो सगळा वेळ लॅपटॉपवर लिहीत होता. कॉन्फरन्सच्या खोलीत टेबलभर फायली होत्या. एसी एवढा गार होता की माझी बोटं बधिर झाली होती. की ती भीतीनं, कोण जाणे. वकिलांनी दुरुस्त्यांचा कागद पुढे ठेवला. तिसरी दुरुस्ती माझी.

बाईंनी ती दोनदा वाचली. मग माझ्याकडे वळल्या. बोलणं इंग्रजीत झालं, पण मला ते मराठीतच आठवतं.

“हा बदल करायला तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. परवा सासूबाईंच्या बोलण्यात तो शब्द आला, तेव्हा माझ्या लक्षात आलं.”

“त्या इथं काम करतात?”

“नाही. त्या टोमॅटो लावतात.”

तरुणाची बोटं थांबली. त्यानं बाईंकडे बघितलं. बाई हसल्या नाहीत.

“तुमच्या घरचं कुणी इथं काम करतं?”

“माझे यजमान. वेल्डिंगला.” हे कुणी मला आधी विचारलं नव्हतं, आणि सांगू नको असंही कुणी म्हटलं नव्हतं. मॅनेजरनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

“हे आधी सांगितलं होतं का?”

“कुणी विचारलं नव्हतं. म्हणून आता सांगते आहे.”

बाईंनी काहीतरी लिहिलं. पुष्कळ लिहिलं. मग म्हणाल्या, “ज्यांनी वही लिहिली त्यांना भेटू. आणि त्या प्लेटा बघू.”

यार्डात ऊन होतं. तात्या इस्त्रीचा शर्ट घालून, वही छातीशी धरून उभे होते. बाई विचारायच्या, मी मराठीत सांगायची, तात्या बोलायचे, मी इंग्रजीत. वकिलांनी आधीच सांगितलं होतं की ते बोलतील तेवढंच आणि तसंच सांगायचं. तात्यांनी दोन बाद प्लेटा दाखवल्या. भंगाराच्या ढिगाशेजारी गंजत पडल्या होत्या, पण रंगानं लिहिलेले नंबर वाचता येत होते, आणि कापलेल्या कडेला पापुद्रे सुटलेले कुणालाही दिसले असते. तरुण अधिकाऱ्यानं कडेला नख लावून बघितलं.

“तिसरी?” बाईंनी विचारलं.

तात्या पुढे चालू लागले. कॅन्टीनच्या बाजूला गटारावर पोलादी झाकण होतं. “ही,” ते म्हणाले. “निम्मी कापून हितं टाकली. न्हायतर पावसाळ्यात मानसं पडायची.” नंबराचे शेवटचे चार आकडे झाकणावर राहिले होते. तरुण अधिकाऱ्यानं गटाराचा फोटो काढला. कारखान्यात एवढे मोठे मोठे सेक्शन उभे असताना त्यांनी फोटो घेतला तो गटाराचा.

मग बाईंनी विचारलं, “सरकारकडून तुम्हाला आणखी काही फुकट मिळतं का?”

मी तात्यांना विचारलं. त्यांना वाटलं, त्यांनाच विचारताहेत. ते म्हणाले, “मिळतंय की. शेतातल्या पंपाची वीज. बिल येत न्हाय आता. पर ती शेताला, कारखान्याला न्हाय.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात मॅनेजर मराठीत हळूच म्हणाले, “ते राहू द्या मॅडम. ‘नाही’ एवढंच सांगा.”

एवढ्यात तात्यांना कळलं की आपण काहीतरी नको ते बोललो. त्यांचा चेहरा उतरला. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, पण कुणीतरी मला अडवलं हे कळायला भाषा लागत नाही. “ते बरंच काही बोलले,” त्या म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांपुढे नवरा आला. तो पलीकडच्या शेडमध्ये होता, सकाळपासून त्यानं मला एकदाही बघितलं नव्हतं. मी जे काही बोलणार होते ते त्याच्या शेडवर जाऊन पडणार होतं. पण एक शब्द अर्धा सांगून दोन दिवस मी जे भोगलं होतं ते पुन्हा नको होतं. मी सगळं सांगितलं. शेतातला पंप, बिल येत नाही, कारखान्याला नाही. आणि मॅनेजर काय म्हणाले ते? ते मी सांगितलं नाही. ते तात्यांचं बोलणं नव्हतं, असं मी स्वतःला समजावलं.

“कारखाना शेताच्या पंपावर चालतो का?” बाईंनी विचारलं.

मी तात्यांना सांगितल्यावर ते हसले. घाबरलेलं हसू. “बाई, तेवढ्यावर हितला पंखाबी फिरायचा न्हाय.”

बाईंनी विजेची बिलं बघायला मागितली. ती होती. बदली प्लेटीचं पत्रही फायलीत सापडलं. पण तोपर्यंत दुपारचे तीन वाजले होते, आणि ते पत्र सापडेपर्यंतचा तास मी खुर्चीच्या कडेवर बसून काढला. एका कारकुनानं चार फायली उपसल्या. पत्र पाचवीत निघालं.

अधिकारी आठवडाभर राहिले. मला दुसऱ्या दिवशी बोलावलं नाही. मॅनेजर त्यानंतर माझ्याशी नीट बोलले नाहीत, वाईटही बोलले नाहीत.

निकाल यायला कित्येक महिने लागले. ते महिने कसे गेले ते लिहिण्यासारखं नाही. वर्गात मी धडा शिकवायची आणि मधेच फोनकडे बघायची. घरी कुणी ‘फुकट’ म्हटलं की नवरा आणि मी एकमेकांकडे बघायचं टाळायचो. सासूबाईंना आम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाही की त्यांचं बोलणं अमेरिकेच्या कागदात गेलं.

कर बसला. दोन्ही प्रकारचा. एक कमी किमतीत विकल्याचा, एक सरकारी मदतीचा. नवऱ्याला दुपारी कळलं, त्यानं फोन केला नाही, घरी येऊन सांगितलं. मी लगेच वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, “तुमच्या शब्दाचा यात संबंध नाही. किमतीचा हिशेब वेगळा होता, मदतीच्या योजना वेगळ्या होत्या.” मला पटेना. ते मला बरं वाटावं म्हणून बोलत असतील. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर मी तो सगळा निकाल उघडला आणि ओळ न् ओळ वाचली. तीन तास लागले. एका पानावर खालच्या टीपेत होतं की स्टोअरच्या नोंदींच्या भाषांतरातली दुरुस्ती तपासून मान्य केली. बस, एवढंच. प्लेटांचा पुढे कुठंच उल्लेख नाही.

मी स्टाफरूममध्ये रडले. सुटल्यासारखं वाटलं म्हणून, आणि सुटल्यासारखं वाटतंय याची लाज वाटली म्हणून. कर तर बसलाच होता. तो माझ्यामुळे नाही, एवढीच माझी कमाई, आणि ती त्या वेल्डरांच्या काही कामाची नव्हती.

अमेरिकेची पुढची ऑर्डर आली नाही. आधी एक पाळी बंद झाली, मग कंत्राटी वेल्डर गेले. कुणी चाकणला, कुणी रांजणगावला. एक-दोघं दूध डेअऱ्यांच्या टाक्या बनवायला लागले. तात्या निवृत्त होऊन गावी गेले. मॅनेजरनी देशातल्या देशात थोडं काम मिळवलं, पण ते अधूनमधून. नवरा वर्षभर रिकाम्या शेडमध्ये ड्यूटी करत होता. त्याला ते सोसवत नव्हतं. घरी आला की म्हणायचा, “नुसता झाडू मारून आलोय.” शेवटी कच्छमध्ये पवनचक्क्या उभ्या करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे त्याला जोडांच्या तपासणीचं काम मिळालं. दौंडहून तो गाडीनं गेला. स्टेशनवर त्यानं मला विहिरीच्या मोटरीचा स्टार्टर कसा दाबायचा ते तीन वेळा सांगितलं.

तो आता तिकडेच असतो, चार महिन्यांनी आठ दिवस येतो. रोज संध्याकाळी फोन करतो. वारा एवढा असतो की अर्धं ऐकू येत नाही.

“वर चढावं लागतं का हो तुम्हाला?” मी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं.

“न्हाय गं. मी खालचं काम बघतो. वर पोरं जात्यात.”

मागच्या महिन्यात त्याच्या सोबतच्या कुणीतरी ग्रुपवर फोटो टाकला. तो मला नवऱ्याच्याच फोनवरून चुकून पुढे आला. खाली सपाट पांढरी जमीन, दूरवर रस्त्याची रेघ, आणि कडेला पिवळं हेल्मेट घातलेला माणूस पट्ट्याला धरून हसत होता. फोटो वरून काढलेला होता, फार वरून. मी तो मोठा करून बघितला. हेल्मेटखाली माझाच नवरा होता. मग त्याला फोन लावला, आणि सासूबाईंचा गुडघा दुखतोय तेवढंच सांगितलं.